कंठातील नाजूक नस जपणारा शल्यविशारद : थिओडोर कोखर

थायरॉइड ग्रंथीची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण भुलीतून जागा होऊ लागला की, डॉक्टर त्याला नाव विचारतात, दोन शब्द बोलायला लावतात. नातेवाइकांना ती केवळ विचारपूस वाटते. डॉक्टरांचे कान मात्र त्या दोन शब्दांतील आवाजाच्या पोताकडे लागलेले असतात. आवाज स्वच्छ आला तर स्वरयंत्राकडे जाणारी बारीक नस सुखरूप आहे, अशी पहिली खूण पटते. घोगरा, हवा निसटणारा आवाज आला तर चिंतेची रेषा उमटते. गळ्याच्या या अरुंद भागात शस्त्र चालवताना जीव वाचवायचा, ग्रंथीचे कार्य टिकवायचे आणि आवाजही राखायचा, हे तिहेरी भान शस्त्रक्रियेला ज्यांच्या कारकिर्दीतून आले, त्यांत स्वित्झर्लंडचे शल्यचिकित्सक एमिल थिओडोर कोखर यांचे नाव अग्रभागी आहे. 1909 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणारे कोखर हा सन्मान लाभलेले जगातील पहिले शल्यचिकित्सक होते. मात्र त्यांच्या चरित्राचे मोल या पारितोषिकापुरते मर्यादित नाही. स्वतःच्या यशस्वी ठरलेल्या शस्त्रक्रियांनीच रुग्णांचे आयुष्य उद्ध्वस्त केले, हे लक्षात आल्यावर त्यांनी जे केले, त्यात या चरित्राचे खरे मर्म आहे.

बर्नचा विद्यार्थी

कोखर यांचा जन्म 25 ऑगस्ट 1841 रोजी स्वित्झर्लंडची राजधानी बर्न येथे झाला. वडील याकोब अलेक्झांडर कोखर हे अभियंता होते. आई मारिया मोरावियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या निष्ठावान अनुयायी होत्या. शिस्त, काटकसर आणि अंतर्मुख धार्मिकता यांचा जो संस्कार आईकडून लाभला, तो कोखर यांनी अखेरपर्यंत जपला. वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब काही वर्षे बर्नजवळच्या बुर्गडॉर्फ या गावी राहिले. पुढे थिओडोर यांनी बर्न विद्यापीठात वैद्यकशास्त्राचे शिक्षण घेतले आणि 1865 मध्ये डॉक्टरेट मिळवली.

त्या काळी महत्त्वाकांक्षी तरुण डॉक्टरची खरी शाळा प्रवासात असे. कोखर यांनी बर्लिन, लंडन आणि पॅरिस येथील नामांकित रुग्णालयांना भेटी दिल्या आणि मोठमोठ्या शल्यचिकित्सकांचे काम जवळून पाहिले. युरोपातील शस्त्रक्रिया तेव्हा एका संक्रमणातून जात होती. 1846 नंतर ईथर आणि त्यापाठोपाठ क्लोरोफॉर्म यांमुळे रुग्णाला भूल देणे शक्य झाले होते. परंतु जखमेत होणारा पू आणि त्यातून येणारा मृत्यू हे नित्याचेच होते. 1867 मध्ये जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्ल वापरून जखमा निर्जंतुक ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिचे महत्त्व ओळखून ती लवकर अंगीकारणाऱ्या शल्यचिकित्सकांत कोखर होते.

बर्नला परतल्यावर प्राध्यापक गेऑर्ग ल्युके यांच्या हाताखाली त्यांनी साहाय्यक म्हणून काम केले. 1869 मध्ये मारी विची यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला तीन पुत्र झाले. थोरले आल्बर्ट पुढे शल्यचिकित्सक होऊन वडिलांबरोबर काम करू लागले. दरम्यान, निखळलेला खांदा जोर न लावता, हात ठराविक क्रमाने फिरवून जागेवर बसवण्याची रीत कोखर यांनी 1870 मध्ये प्रसिद्ध केली. ही रीत आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. देहरचनेची अचूक जाण असेल तर बळाची गरज उरत नाही, हे सूत्र त्यांच्या पुढील सर्व कामात दिसते.

1872 मध्ये ल्युके स्ट्रासबुर्गला गेले आणि बर्नच्या अध्यासनाची जागा रिकामी झाली. विद्याशाखेचा कल बाहेरच्या एका नामवंताकडे होता. विद्यार्थी आणि स्थानिक डॉक्टर मात्र कोखर यांच्यासाठी आग्रही होते. अखेर शासनाने कौल कोखर यांना दिला. वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी ते प्राध्यापक आणि इन्सेलस्पिटाल या रुग्णालयातील विद्यापीठ शल्यविभागाचे प्रमुख झाले. या पदावर ते 45 वर्षे, म्हणजे मृत्यूपर्यंत राहिले. मोठ्या शहरांतील विद्यापीठांची बोलावणी त्यांना आली, पण त्यांनी बर्न सोडले नाही.

गलगंडांचा देश

कोखर यांचे लक्ष थायरॉइडकडे वळले यात नवल नव्हते. आल्प्सच्या खोऱ्यांत गलगंड घरोघरी होता. मानेच्या पुढच्या बाजूला श्वासनलिकेला बिलगून असलेली ही फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी अनेकांच्या बाबतीत नारळाएवढी फुगत असे. ती श्वासनलिकेवर दाब आणी, गिळणे कठीण करी आणि कधी रुग्ण गुदमरून दगावे. कोखर यांनी बर्न परगण्यातील शाळकरी मुलांच्या गळ्यांची पाहणी केली आणि गलगंडाच्या प्रसाराचा भूप्रदेशाशी असलेला संबंध तपासणारा अभ्यास 1889 मध्ये प्रसिद्ध केला. भारतीय वैद्यकालाही हा विकार जुना परिचयाचा आहे. सुश्रुतसंहितेत गलगंडाचे वर्णन आढळते.

विकार सर्वत्र असला तरी त्यावरील शस्त्रक्रियेचे नाव काढताच शल्यचिकित्सक मागे सरत. ग्रंथीला रक्तपुरवठा इतका मोठा असतो की, चाकू लागताच रक्ताचा लोट येई आणि मग पुढचे काही दिसेनासे होई. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अशा शस्त्रक्रियेनंतर शंभरातील सुमारे चाळीस रुग्ण दगावत. पॅरिसच्या वैद्यक अकादमीने तिचा निषेध केला होता. युरोपातील सर्वांत ख्यातनाम शल्यचिकित्सक थिओडोर बिलरोट यांनीही झुरिकमधील मोठ्या मृत्युसंख्येनंतर ही शस्त्रक्रिया जवळजवळ दशकभर थांबवली होती.

मृत्यूच्या या भीतीआड आणखी एक संकट दडलेले होते. मेंदूतून निघून मानेतून छातीकडे जाणाऱ्या व्हेगस या मोठ्या मज्जातंतूपासून स्वरयंत्रासाठी एक शाखा फुटते. तिचा मार्ग विलक्षण आहे. ती थेट स्वरयंत्राकडे न जाता आधी खाली उतरते. उजव्या बाजूला हाताकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीला आणि डाव्या बाजूला हृदयातून निघणाऱ्या महाधमनीला वळसा घालून ती पुन्हा वर चढते. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांमधील खाचेतून, थायरॉइडच्या अगदी पाठीमागून जात ती स्वरयंत्रात शिरते. दुसऱ्या शतकातील वैद्य गॅलेन यांनी डुकरांवरील प्रयोगांतून या मागे वळणाऱ्या तंतूचे कार्य दाखवून दिले होते. तंतू आवळताच किंचाळणारे जनावर मूक होई.

माणसात हा तंतू जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाडीचा असतो. स्वरतंतू जवळ आणणारे आणि दूर नेणारे स्नायू त्याच्याच आज्ञेने हलतात. एका बाजूचा तंतू दुखावला तर त्या बाजूचा स्वरतंतू निश्चल होतो. मग आवाज घोगरा आणि क्षीण होतो, बोलताना दम लागतो, पाणी पिताना ठसका येतो. दोन्ही बाजूंना इजा झाली तर दोन्ही स्वरतंतू मध्यभागी येऊन श्वासाची वाटच अडवतात आणि गळ्याला छिद्र पाडून श्वास सुरू ठेवण्याची वेळ येते. याहून वेगळी अशी आणखी एक सूक्ष्म शाखा ग्रंथीच्या वरच्या टोकाजवळून जाते. तिला धक्का लागला तर साधे बोलणे चालू राहते, परंतु वरच्या पट्टीतील स्वर आणि मोठ्याने हाक मारण्याची ताकद जाते. शिक्षक, कीर्तनकार, गायक यांच्यासाठी ही हानी उपजीविकेवरचा घाला ठरू शकते.

ग्रंथीकडे येणारी खालची धमनी आणि हा मागे वळणारा तंतू एकमेकांना ओलांडतात, तो भाग सर्वांत धोक्याचा. रक्त उसळले की ते थांबवण्यासाठी घाईने चिमटा लावला जाई आणि त्या चिमट्यात धमनीबरोबर नसही सापडे. रक्तस्राव आणि आवाजाची हानी ही दोन संकटे अशी एकाच ठिकाणी गुंतलेली होती.

संथ हातांची शिस्त

कोखर यांनी या गुंत्याची उकल रक्तापासून सुरू केली. शस्त्रक्रियेचे क्षेत्र कोरडे राहिले तरच प्रत्येक पापुद्रा ओळखता येतो, हे त्यांच्या पद्धतीचे मूळ तत्त्व होते. ग्रंथीला हात घालण्याआधी तिच्याकडे येणाऱ्या धमन्या शोधून बांधायच्या, आणि खालची धमनी ग्रंथीपासून दूर, नसेचा धोका नसलेल्या जागी बांधायची, असा क्रम त्यांनी बसवला. ग्रंथीच्या मागील आवरणाचा भाग तसाच राखल्याने त्यामागून जाणारी नस शस्त्रापासून सुरक्षित राहू लागली. रक्तवाहिनी घट्ट धरणारा, टोकाशी दात असलेला चिमटा त्यांनी तयार केला. मानेच्या खालच्या बाजूला, त्वचेच्या नैसर्गिक घडीला धरून, गळपट्टीसारखा आडवा छेद घेण्याची त्यांची रीत रूढ झाली. त्यामुळे व्रण कपड्याखाली झाकला जाई आणि आतील रचनाही नीट दिसे.

भुलीच्या बाबतीतही त्यांनी वेगळी वाट धरली. क्लोरोफॉर्मने पूर्ण बेशुद्ध करण्याऐवजी कोकेनच्या साहाय्याने केवळ गळ्याचा भाग बधिर करण्यावर पुढील काळात त्यांचा भर राहिला. गुदमरलेल्या श्वासनलिकेच्या रुग्णांना त्यात धोका कमी होता. शिवाय रुग्ण जागा असल्याने शस्त्रक्रिया चालू असतानाच त्याला बोलायला सांगता येई. आवाज बदलला तर शल्यचिकित्सक तेथेच थांबू शके. आजच्या विद्युत उपकरणांच्या कित्येक दशके आधी रुग्णाचा स्वतःचा स्वरच नसेवर पहारा देत होता.

कोखर घाई करत नसत. भुलीपूर्व काळात शल्यचिकित्सकाचे कौशल्य मिनिटांत मोजले जाई आणि ती सवय पुढेही अनेक वर्षे टिकून होती. बर्नच्या शस्त्रक्रियागृहातील शांतता आणि संथ गती पाहून बाहेरून आलेले डॉक्टर चकित होत. परिणाम आकड्यांत उतरले. 1883 पर्यंतच्या पहिल्या 101 शस्त्रक्रियांत मृत्यूचे प्रमाण सुमारे 13 टक्के होते. 1889 मध्ये ते 2.4 टक्क्यांवर आले. 1912 च्या सुमारास कोखर यांच्या थायरॉइड शस्त्रक्रियांची संख्या 5000 च्या घरात पोहोचली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण अर्ध्या टक्क्यावर आले होते. एका पिढीपूर्वी कसाईपणा म्हणून हिणवली गेलेली ही शस्त्रक्रिया सुरक्षित शस्त्रक्रियांच्या पंक्तीत येऊन बसली.

एका मुलीचा चेहरा

याच यशाच्या पोटात एक भयंकर सत्य दडले होते. 1874 च्या जानेवारीत कोखर यांनी 11 वर्षांच्या एका मुलीची थायरॉइड ग्रंथी पूर्ण काढली. जखम भरली, मुलगी घरी गेली. कोखर यांच्या दप्तरी हे प्रकरण यशस्वी म्हणून नोंदले गेले. पुढे तिच्या गावच्या डॉक्टरांनी कळवले की, पूर्वी चपळ आणि हसतमुख असलेली ही मुलगी मंद, सुस्त आणि उदास झाली आहे.

1882 च्या सप्टेंबरमध्ये जिनिव्हा येथील शल्यचिकित्सक जाक-लुई रेव्हर्दां यांची आणि कोखर यांची भेट झाली. संपूर्ण ग्रंथी काढलेल्या आपल्या काही रुग्णांत विचित्र बदल दिसत असल्याचे रेव्हर्दां यांनी सांगितले. कोखर अस्वस्थ झाले. बर्नला परतल्यावर त्यांनी आपल्या जुन्या रुग्णांना पत्रे पाठवून तपासणीसाठी बोलावले. ज्यांची ग्रंथी पूर्णपणे काढली होती असे 18 जण तपासले गेले. त्यांपैकी केवळ दोघे निरोगी होते. उरलेल्या 16 जणांचे चेहरे सुजलेले, त्वचा कोरडी, केस विरळ, हालचाली जड आणि बुद्धी मंद झालेली होती. त्या मुलीची वाढ नऊ वर्षांपूर्वीच थबकली होती. तिच्याहून धाकटी, पूर्वी तिच्यासारखीच दिसणारी बहीण आता उंच, तरुण स्त्री झाली होती. शेजारी उभी असलेली थोरली मात्र बालकाच्या उंचीची, फुगीर चेहऱ्याची राहिली होती.

हे निष्कर्ष दडवणे सोपे होते. रुग्ण खेड्यापाड्यांत विखुरलेले होते, मृत्यूचा आकडा उत्तम होता आणि कीर्ती वाढत होती. कोखर यांनी एप्रिल 1883 मध्ये बर्लिन येथे जर्मन शल्यचिकित्सकांच्या परिषदेत हे सारे मांडले आणि त्याच वर्षी सविस्तर शोधनिबंध छापला. त्या दोन बहिणींची छायाचित्रेही त्यात होती. ग्रंथी गमावल्याने येणाऱ्या या अवस्थेला त्यांनी लॅटिन नाव दिले. साध्या गलगंडासाठी ग्रंथी पूर्ण काढणे त्यांनी यापुढे बंद केले आणि तिचा काही भाग राखण्याचा दंडक घातला.

या प्रसंगातील त्यांच्या मर्यादाही नोंदवणे आवश्यक आहे. बदलाचे खरे कारण त्यांना त्या वेळी उमगले नाही. श्वासनलिका अरुंद होऊन शरीराला प्राणवायू कमी पडतो, असा त्यांचा तर्क होता आणि तो चुकीचा ठरला. ग्रंथीचा अभाव हेच कारण असल्याचे लंडनमधील फेलिक्स सीमोन यांनी सुचवले. तेथील क्लिनिकल सोसायटीच्या समितीने 1888 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. रेव्हर्दां यांना या शोधाचे श्रेय पुरेसे न दिल्याचा आक्षेपही कोखर यांच्यावर घेतला गेला आणि अग्रहक्काचा वाद दीर्घकाळ चालला. तरीही स्वतःच्या रुग्णांना पुन्हा बोलावून स्वतःच्या हातांचा हिशेब जगापुढे मांडण्याचे त्यांचे पाऊल वैद्यकाच्या इतिहासात दुर्मीळ मानले जाते. या निरीक्षणांतूनच थायरॉइडच्या कार्याचा उलगडा सुरू झाला. 1891 मध्ये इंग्लंडमधील जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून अशा एका रुग्ण स्त्रीला बरे केले. आज ज्या गोळ्यांवर असंख्य रुग्ण सामान्य जीवन जगतात, त्या उपचाराचा उगम येथे आहे.

दोन हातांच्या दोन खुणा

या इतिहासातील सर्वांत बोलका तपशील अमेरिकी शल्यचिकित्सक विल्यम हालस्टेड यांनी टिपला. कोखर आणि बिलरोट या दोघांचेही काम त्यांनी प्रत्यक्ष पाहिले होते. कोखर यांच्या रुग्णांत ग्रंथीच्या अभावाची लक्षणे अधिक दिसत. बिलरोट यांच्या रुग्णांत ती क्वचित आढळत, पण हातापायांना पेटके येण्याचे प्रमाण अधिक असे. दोघेही कुशल असताना असा फरक का पडावा, याचे उत्तर हालस्टेड यांना दोघांच्या शैलीत सापडले.

बिलरोट वेगाने काम करत. त्यामुळे ग्रंथीचे काही तुकडे मागे राहत आणि तेच रुग्णाला पुढील लक्षणांपासून वाचवत. मात्र त्या वेगात ग्रंथीमागील चार सूक्ष्म पॅराथायरॉइड ग्रंथी आणि स्वरयंत्राची नस यांना इजा होण्याचा धोका वाढे. कोखर अत्यंत नेटके, रक्तविरहित काम करत. ते थायरॉइड समूळ काढत, पण तिच्या आवरणाबाहेरील काहीही दुखावत नसत. त्यांच्या रुग्णांचा आवाज टिकला, स्नायूंना पेटके आले नाहीत, आणि नेमक्या त्याच काटेकोरपणामुळे थायरॉइडचा कणही मागे उरला नाही. कौशल्य जितके निर्दोष, तितकी हानी संपूर्ण, असा हा दैवदुर्विलास होता. किती काढायचे यापेक्षा काय राखायचे हा प्रश्न आधी विचारावा, हा धडा शल्यशास्त्राला त्यातून मिळाला.

जगाची पाठशाळा

बर्न हे त्यानंतर थायरॉइड शस्त्रक्रियेचे तीर्थक्षेत्रच बनले. 1892 मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या कोखर यांच्या शस्त्रक्रियाविषयक ग्रंथाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि विविध भाषांत त्याची भाषांतरे झाली. हालस्टेड अनेकदा बर्नला येत. पुढे मेंदूच्या शस्त्रक्रियेचे जनक म्हणून गाजलेले हार्वी कुशिंग यांनी 1900-01 मध्ये बर्न येथे संशोधन केले. पोटाच्या शस्त्रक्रियेतील लहान आतड्याचा आरंभीचा भाग मोकळा करण्याची रीत, पित्ताशयासाठीचा तिरका छेद, बंदुकीच्या गोळ्यांनी होणाऱ्या जखमांचा प्रायोगिक अभ्यास, जंतुसंसर्गावरील लेखन, असा त्यांच्या कार्याचा विस्तार होता. 1905 मध्ये ब्रुसेल्स येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय शल्यचिकित्सक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. थायरॉइड ग्रंथीचे कार्य, विकार आणि शस्त्रक्रिया यांवरील संशोधनासाठी 1909 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. वैद्यकशास्त्रातील नोबेल मिळवणारे ते पहिले स्विस नागरिक होते. पारितोषिकाची रक्कम त्यांनी बर्न येथील संशोधन संस्थेच्या उभारणीस लावली.

त्यांच्याकडे येणाऱ्या रुग्णांत देशोदेशीचे लोक असत. 1913 च्या उन्हाळ्यात व्लादिमीर लेनिन आपल्या पत्नी नादेझ्दा क्रुप्स्काया यांना घेऊन बर्नला आले. क्रुप्स्काया यांना थायरॉइडच्या अतिकार्याचा विकार होता. त्यांच्यावरील शस्त्रक्रिया कोखर यांनी केली. विकाराने पुढेही त्यांची पाठ पूर्णपणे सोडली नाही, परंतु रशियन क्रांतीनंतर सोव्हिएत शिक्षणव्यवस्थेत त्यांनी दीर्घकाळ काम केले आणि 1939 पर्यंत त्या हयात होत्या.

कीर्तीच्या शिखरावरही कोखर यांची दिनचर्या बदलली नाही. रुग्णालय, व्याख्यान, लेखन आणि प्रार्थना एवढ्यातच त्यांचे जग सामावलेले होते. 23 जुलै 1917 रोजी संध्याकाळी तातडीच्या एका रुग्णासाठी त्यांना इन्सेलस्पिटालमधून बोलावणे आले. वय 75 पूर्ण होऊन गेलेले होते. त्यांनी शस्त्रक्रिया केली. त्यानंतर त्यांना अस्वस्थ वाटू लागले आणि ते अंथरुणाला खिळले. 27 जुलै 1917 रोजी बर्न येथेच त्यांचे निधन झाले.

नसेचा पुढील प्रवास

कोखर यांच्या पद्धतीत नसेला टाळून, तिच्यापासून दूर राहून तिचे रक्षण केले जाई. त्यांच्यानंतरच्या पिढीत दुसरा विचार पुढे आला. जी नस दिसत नाही ती राखता येईलच असे नाही, म्हणून ती प्रत्येक वेळी शोधून डोळ्यांनी पाहावी, असे अमेरिकेतील बॉस्टनचे शल्यचिकित्सक फ्रँक लेही यांनी प्रतिपादले. 1938 मध्ये त्यांनी 3000 हून अधिक शस्त्रक्रियांचा अनुभव मांडला. नस उघडी करून पाहिल्याने तिच्या इजेचे प्रमाण 1.6 टक्क्यांवरून 0.3 टक्क्यांवर आल्याचे त्यांनी दाखवले. नसेला हात लावल्यानेच तिला इजा होते, हा जुना समज त्यामुळे मागे पडला. आज नस शोधून तिचा संपूर्ण मार्ग डोळ्यांसमोर ठेवणे हा थायरॉइड शस्त्रक्रियेचा सर्वमान्य नियम आहे.

गेल्या काही दशकांत त्याला विद्युत उपकरणांची जोड मिळाली. रुग्णाच्या श्वासनलिकेत बसवलेल्या नळीवरील विद्युताग्रे स्वरतंतूंना टेकलेली असतात. सूक्ष्म विद्युतप्रवाहाने नसेला स्पर्श करताच स्वरतंतूचा स्नायू हलतो आणि पडद्यावर लहर उमटते. एका बाजूची लहर नाहीशी झाली तर दुसऱ्या बाजूची शस्त्रक्रिया त्या दिवशी थांबवून पुढे ढकलण्याचा निर्णय घेता येतो, जेणेकरून दोन्ही नसा एकदम गमावण्याचे संकट टळते. भारतातील मोठ्या रुग्णालयांतही हे तंत्र वापरले जाते. मात्र कोणतेही यंत्र देहरचनेच्या ज्ञानाची आणि संयत हाताची जागा घेऊ शकत नाही, यावर तज्ज्ञांचे एकमत आहे. शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर स्वरतंतूंची तपासणी करून घेणे रुग्णाच्या हिताचे असते. नस केवळ ताणली गेली असेल तर आवाज बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परततो. तो न परतल्यास स्वरोपचार आणि स्वरतंतू मध्यभागी सरकवण्याच्या शस्त्रक्रिया उपलब्ध आहेत.

ज्या गलगंडाशी कोखर आयुष्यभर झुंजले, त्यावरील मोठा विजय अखेर चाकूने मिळवला नाही. 1922 मध्ये स्वित्झर्लंडच्या काही भागांत मिठात आयोडीन मिसळण्यास सुरुवात झाली आणि पुढच्या पिढीतील मुलांचे गळे सपाट दिसू लागले. भारतात हिमालयाच्या पायथ्याच्या कांगडा खोऱ्यात 1956 पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मिठाचा प्रभाव सिद्ध केला. त्यातून 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला. प्रचंड गलगंड आज क्वचित दिसतात. तरीही गाठी, कर्करोग आणि अतिकार्य यांसाठी थायरॉइडची शस्त्रक्रिया आजही मोठ्या संख्येने होते आणि ती मागे वळणारी नस आजही तिथेच, त्याच खाचेत असते.

बर्नमध्ये कोखर यांच्या नावाचा रस्ता आहे, उद्यान आहे. चंद्रावरील एका विवरालाही त्यांचे नाव देण्यात आले आहे. पण त्यांची रोजची आठवण यांहून साधी आहे. दिल्ली असो, चेन्नई असो वा नागपूर, भारतातील कोणत्याही शस्त्रक्रियागृहात शल्यचिकित्सक परिचारिकेपुढे हात करतो आणि कोकर मागतो. उच्चार बदलला, पण दातेरी टोकाचा तो चिमटा कोखर यांचाच आहे. शस्त्रक्रिया संपते, रुग्ण डोळे उघडतो, त्याला नाव विचारले जाते. तो स्वच्छ आवाजात उत्तर देतो, तेव्हा दीड शतकापूर्वी बर्नमध्ये सुरू झालेली एक संथ, प्रामाणिक तपश्चर्या त्याच्या कंठातून बोलत असते.